पावतीला स्थळप्रत असते, सोडण्याला नसते

प्रश्न असा आहे: "सिग्नलला मला आणि माझ्या पुढच्या बुलेटवाल्याला एकाच वेळी बाजूला घेतलं. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्याने कुणाला तरी फोन लावला, मोबाइल हवालदारांच्या हातात दिला, 'जय हिंद साहेब' झालं आणि बुलेट सुटली. मला मात्र ५०० रुपयांचं चलन. पोलिसांना असं सोडायचा अधिकार असतो का? आणि तक्रार करून काही उपयोग होतो का?"

मी २०२२ साली पोलीस उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. शिपाई म्हणून भरती झालो होतो, आणि नोकरीतली चौदा वर्षं वाहतूक शाखेत गेली. शहराचं नाव सांगत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांतले बरेच जण अजून वर्दीत आहेत. दोन्ही प्रश्नांची सरळ उत्तरं आधी देऊन टाकतो. अधिकार नसतो. तक्रारीचा उपयोग होतो, पण तुम्हाला वाटतो तसा नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. हेल्मेटची सक्ती कलम १२९ मध्ये आहे, शिक्षा १९४ ड मध्ये: १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र. मग तुम्हाला ५०० चं चलन कसं आलं? कलम २०० खाली राज्य सरकार ठरवतं की कोणते गुन्हे पैसे भरून मिटवता येतील, किती पैशांत, आणि कोणत्या हुद्द्याच्या माणसाकडे. आमच्या भाषेत ही तडजोड. केंद्राने २०१९ ला दंड वाढवले, महाराष्ट्राने ते थोपवून धरले आणि डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःचे तडजोडीचे दर आणले. हेल्मेटला ५००, सीटबेल्टला २००, असे ते दर. तर पोलिसापुढे कायद्याने दोनच वाटा आहेत: तडजोड घ्या, नाहीतर केस कोर्टात पाठवा. "जा, पुन्हा दिसू नकोस" ही तिसरी वाट कायद्याच्या पुस्तकात कुठेच लिहिलेली नाही.

रस्त्यावर मात्र ती रोज वापरली जाते, आणि सरसकट बंद व्हावी असंही मी म्हणणार नाही. एका पावसाळ्यात मी मोटारसायकलवर ट्रिपल सीट चाललेलं कुटुंब थांबवलं होतं. मधे बसलेल्या पोराच्या मनगटाला सलाईनची सुई तशीच, वर चिकटपट्टी. सकाळी परत इंजेक्शनला यायचं म्हणून दवाखान्याने काढली नव्हती. बाप रिक्षाचे पैसे वाचवत होता. पावती पुस्तक काढलं आणि परत पिशवीत टाकलं. तडजोडीचे दर ठरवणाऱ्याला हे पोर दिसत नसतं, पॉइंटवरच्या माणसाला दिसतं. त्या बापाने मला कुणाचंही नाव सांगितलं नाही, कुणाला फोन लावला नाही. तुमच्या बुलेटवाल्यात आणि त्याच्यात फरक एवढाच, पण तो पुरेसा आहे.

आता नावं सांगणाऱ्यांकडे येऊ. सगळ्यात वरचा नंबर आमच्याच घरचा: "स्टाफ." साध्या कपड्यातला माणूस, हेल्मेट नाही, गाडी हळू करतो आणि तो एकच शब्द टाकतो. बहुतेक वेळा तोही टाकावा लागत नाही, मागून मारलेले केस आणि पायातले ब्राऊन बूट बोलतात. रात्रपाळी करून घरी चाललेल्या शिपायाला ५०० रुपयांची पावती फाडायला हात उचलत नाही, हे मी समजू शकतो. उद्या आपल्याला त्याच्याच पोलीस ठाण्यात काहीतरी काम पडणार असतं. पण स्टाफ हा शब्द पसरतो. आधी स्टाफ, मग स्टाफचा भाऊ, मग स्टाफच्या भावाची गाडी चालवणारा मित्र. गाडीच्या काचेवर लाल-निळ्या पट्टीत "पोलीस" असं स्टिकर आणि आत खात्याशी संबंध नसलेला माणूस, अशा गाड्या मी मोजायचं सोडून दिलं. अधूनमधून वरून आदेश येतो की खाजगी गाड्यांवरची स्टिकरं काढा. आठवडाभर कारवाई होते, फोटो छापून येतात, पुढच्या महिन्यात स्टिकरं परत. पोलीस, प्रेस, ॲडव्होकेट, डॉक्टर, महाराष्ट्र शासन, आणि एकदा तर मी "ग्रामपंचायत सदस्य (माजी)" असं लिहिलेली गाडीही अडवली आहे. १ मे २०१७ पासून पुढाऱ्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले. दिव्याची हौस आता काचेवर भागवली जाते.

गंमत अशी की कायदा पोलिसाच्या बाबतीत मऊ नाही, उलट कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीत कलम २१० ब आलं. या कायद्याची अंमलबजावणी ज्याच्याकडे आहे त्यानेच गुन्हा केला तर त्याला दुप्पट दंड. म्हणजे विनाहेल्मेट हवालदाराला तुमच्या दुप्पट बसायला हवा. मी स्वतः कधी दुप्पट चलन केलेलं नाही, दुसऱ्याने केलेलं पाहिलंही नाही. शाखेत हे कलम वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसले होते, मीही.

दुसरा प्रकार तुमच्या अनुभवातला, फोनचा. "साहेब, जरा बोला ना," म्हणत मोबाइल नाकापुढे येतो. त्या क्षणी हवालदाराच्या डोक्यात जो हिशेब चालतो तो बाहेरून दिसत नाही. पलीकडे कोण आहे हे त्याला माहीत नाही. कदाचित नुसता टपरीवरचा भाऊ असेल, कदाचित नगरसेवक, कदाचित आपल्याच साहेबांचा कॉलेजातला दोस्त. फोन घेतला तर पाचशे रुपयांची एक केस जाते. नाही घेतला आणि माणूस खरंच वजनदार निघाला तर उद्याच्या ड्युटी वाटपात झाडाखालचा पॉइंट जातो आणि उड्डाणपुलाच्या कामाजवळचा धुळीचा मिळतो. पुढच्या महिन्यात बंदोबस्ताच्या यादीत आपलं नाव सगळ्यात वर दिसतं. सुट्टीचा अर्ज "विचाराधीन" राहतो. यातलं काहीही शिक्षा म्हणून होत नाही, त्यामुळे दादही मागता येत नाही.

मी पोरांना सांगायचो, समोरच्याचा फोन हातात घ्यायचाच नाही. "ज्यांना बोलायचंय त्यांनी माझ्या नंबरवर करावा," एवढंच म्हणायचं. बरेचसे फोन इथेच विझतात, कारण पलीकडच्याकडे तुमचा नंबर नसतो आणि शोधून करण्याएवढी त्यालाही गरज नसते. पण फोन आपल्याच निरीक्षकाच्या रायटरचा, म्हणजे त्यांचं लिखापढीचं काम बघणाऱ्या अंमलदाराचा आला की हा उपाय चालत नाही.

आणि निरीक्षक तरी का करतो? पैशासाठी, असं तुम्ही म्हणाल. बहुतेक वेळा पैसा नसतोच. गणपतीच्या आधी शांतता समितीची बैठक घ्यायची असते. मंडळाची मिरवणूक वेळेत पुढे सरकवायची असते. दोन गटांत काही झालं तर रात्री अकरा वाजता पोरांना घरी पाठवणारा माणूस लागतो. त्या बैठकीत ज्याला पहिल्या रांगेत खुर्ची द्यायची, त्याच्या पुतण्याला सिग्नलला पाचशे रुपयांसाठी कसं अडवायचं? हा व्यवहार उधारीचा आहे. पैसा नसल्यामुळेच त्यात सामील असलेल्या कुणालाच आपण काही गैर करतोय असं वाटत नाही. वाळूच्या डंपरचा हप्ता हे वेगळं प्रकरण, तिथे मैत्री नसते, दर असतो. त्याबद्दल लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. फोनवर सुटलेल्या बुलेटसाठी असा नंबर नाही.

हिशेब चुकला तर काय होतं हे मी एकदा भोगलं आहे. एप्रिल २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्म पूर्ण बंद केल्या. मी तेव्हा हवालदार. मे महिन्याच्या उन्हात आम्ही ब्लेड घेऊन उभे असायचो. काच तापलेली असली की कोपरा उचलताच फिल्म सर्रकन निघते, खाली चिकट गोंद राहतो, तो संध्याकाळपर्यंत बोटांना. एक पांढरी गाडी आली. आतला पोरगा म्हणाला, "हात लावू नका, कुणाची गाडी आहे माहितेय का?" मला खरंच माहीत नव्हतं. चारही काचा सोलल्या आणि पावती दिली. त्याने फिल्मचे तुकडे गोळा करून मागच्या सीटवर नीट ठेवले, जणू पुरावा. आठ दिवसांनी माझी मुख्यालयात गार्ड ड्युटीला बदली झाली. आदेशात कारण होतं "प्रशासकीय". तिथे मी अकरा महिने बंद पडलेल्या वाहनांच्या आवाराला पहारा दिला. परत वाहतुकीत आलो तेव्हा मी पहिल्यापेक्षा शहाणा झालो होतो, आणि हे मी अभिमानाने सांगत नाही.

तुमच्या प्रश्नातली खरी मेख आता येते: तो सुटला तर तुम्हीच का सापडलात? याचं उत्तर टार्गेटमध्ये आहे. कागदावर टार्गेट नसतं. पण संध्याकाळी वायरलेसवर किंवा ग्रुपवर विचारणा येते, "आज केसेस किती?" शेजारच्या विभागापेक्षा आकडा कमी असला की साहेबांना बोलावणं, मग साहेबांचं आम्हाला. आकडा ठरलेला असेल आणि त्यातून स्टाफ, फोनवाले, स्टिकरवाले वजा होत असतील, तर उरलेला आकडा कुणीतरी भरलाच पाहिजे. तो भरतात ती बिनओळखीची माणसं. दुसऱ्या जिल्ह्याच्या पासिंगची गाडी, शिकायला आलेली पोरं, जेवणाच्या पिशव्या पोचवणारा डिलिव्हरीवाला, लग्नाला निघालेलं बाहेरगावचं कुटुंब. एक सवलत दिली की तिची किंमत दुसऱ्याच्या खात्यावर चढते. तुम्ही बुलेटवाल्याच्या जागी भरलेत असं मी म्हणत नाही, तुमच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतंच. पण तुम्हाला जो राग आला त्याला आधार आहे.

आणखी एक गोष्ट कबूल करतो, जिच्याबद्दल खात्यात कुणी बोलत नाही, कारण तिला कुणी वशिला समजतच नाही. लायसन्स बघताना आमच्या तोंडून सहज निघतं, "गाव कुठलं?" मी माण तालुक्यातला. समोरच्याने दहिवडी म्हटलं की माझा आवाज बदलायचा. दुष्काळ कसा आहे, गुरांची चारा छावणी उठली का, अशी दोन वाक्यं व्हायची आणि पावती पुस्तक बंद. कुणी फोन केला नाही, कुणी नाव सांगितलं नाही, तरी तो सुटला, कारण तो आमच्याकडचा होता. आणि जो आमच्याकडचा वाटत नव्हता, ज्याचं आडनाव किंवा हिंदी ऐकून मनात आधीच काही ठरलं होतं, त्याची पीयूसी, इन्शुरन्स, सगळं काढायला लावायचो. सलाईनवाल्या पोराची गोष्ट मी वर मोठ्या मनाने सांगितली. ते कुटुंब कुठलं होतं हे तेव्हा मी विचारलं होतं का, ते आता आठवत नाही.

झुंडीने मिळणाऱ्या सवलतीबद्दल फार लिहीत नाही, ती सगळ्यांनाच दिसते. झेंडा लावलेल्या दोनशे गाड्यांची रॅली विनाहेल्मेट जाते तेव्हा तोच हवालदार तिच्यासाठी चौक मोकळा करून देत असतो. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्तीची कारवाई जोरात सुरू झाली तेव्हा विरोधासाठी कृती समिती होती, मोर्चे होते. देशात २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेली ५० हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मेली. त्यांच्यासाठी कृती समिती नाही.

यंत्रं आली तेव्हा आम्हाला वाटलं आता हे संपेल. ई-चलनाचं मशीन हातात आलं आणि इमानदार शिपायाला पहिल्यांदा एक ढाल मिळाली: "साहेब, नंबर टाकलाय, आता माझ्या हातात नाही." खरंच नसतं. गाडीमालकाला मेसेज जातो आणि ते चलन शिपाई पुसू शकत नाही. मग वशिल्याने जागा बदलली. आता फोन बटण दाबायच्या आत यावा लागतो. त्यातून काही जणांनी स्वतःच्या खाजगी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे आणि चलन नंतर सावकाश टाकायचं, अशी सोय शोधली. मधल्या तासांत कुणाचा निरोप आला तर फोटो डिलीट. २०२५ मध्ये वाहतूक मुख्यालयाने खाजगी मोबाइलवर फोटो काढण्याला मनाई केली. ट्रकवाल्यांची ओरड हे त्यामागचं कारण होतं, पण माझ्या मते वशिल्याची फट बुजणं हा त्याचा मोठा फायदा. खांबावरच्या कॅमेऱ्याला कुणी फोन करू शकत नाही. म्हणून तिथे नंबरप्लेटच बदलते: ४१४१ चं "दादा", २१४ चं "राम", एक आकडा वाकवलेला, एकावर चिखल. आणि चलन झालंच तर भरायचं नाही, लोकअदालतीत सवलत मिळेल म्हणून वाट बघायची.

हे सगळं आपल्याकडेच चालतं असंही नाही. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. तो सांगत होता की न्यूयॉर्कच्या पोलीस संघटना आपल्या सदस्यांना कार्डं वाटतात, ती घरच्यांना आणि मित्रांना दिली जातात, आणि गाडी अडवली की लायसन्ससोबत ते कार्ड पुढे करायचं. तिथल्या एका पोलिसाने कार्डवाल्यांनाही दंड केला, त्याबद्दल वरिष्ठांनी आपल्याला त्रास दिला असं म्हणत त्याने २०२३ मध्ये कोर्टात दावा लावला आणि २०२४ मध्ये शहराने त्याला १ लाख ७५ हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. मी भाच्याला म्हटलं, आमच्याकडे कार्डसुद्धा छापावं लागत नाही. पण मनात दुसरं आलं: कार्ड निदान वस्तू तरी आहे, कोर्टात दाखवता येते. माझ्या गार्ड ड्युटीच्या आदेशात "प्रशासकीय" एवढा एकच शब्द होता.

तीस-पस्तीस वर्षांत मला जे कळलं ते एवढंच. पावती पुस्तकात कार्बन घालून पावती फाडली की एक प्रत गाडीवाल्याला आणि एक स्थळप्रत कार्यालयाला. ती मोजली जाते, तपासली जाते, नंबर चुकला तर कसुरी, म्हणजे कामातल्या चुकीबद्दल खात्याची किरकोळ कारवाई, निघते. सोडलेल्या गाडीची कुठेच नोंद नाही. दिवसभरात अडवल्या किती, त्यातल्या सोडल्या किती आणि का, हे साहेबांना माहीत नाही, आयुक्तांना माहीत नाही, महिन्याअखेरीस सोडणाऱ्यालाही आठवत नाही. खातं ज्याची मोजदाद करतं तेच सुधारतं.

"पाचशे रुपयांच्या हेल्मेटचं काय एवढं," असं म्हणणाऱ्याने १९ मे २०२४ ची पहाट आठवावी. पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या पोर्शने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. पुढे जामिनासाठी निबंध लिहिण्याची अट, रक्ताचे नमुने बदलल्याचा तपास, हे सगळं देशाने पाहिलं. माझं लक्ष मात्र एका छोट्या गोष्टीवर अडकलं होतं. दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले ते अपघाताची खबर वेळेत नियंत्रण कक्षाला आणि वरिष्ठांना दिली नाही म्हणून. वायरलेसवर नोंद पडायला हवी होती, ती पडली नव्हती. त्या रात्री कुणाच्या मनात काय होतं ते कोर्ट ठरवेल. पण नोंद न करण्याची सवय कुठे लागते, हे मला ठाऊक आहे. ती सिग्नलवर लागते.

मशीन यायच्या आधीच्या वर्षी, उपनिरीक्षक असताना, मी एक प्रयोग करून पाहिला. स्टेशनरीच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली आणि रेघा मारून चार रकाने पाडले: वेळ, गाडीचे शेवटचे चार आकडे, सोडण्याचं कारण, सही. माझ्या हाताखालच्या पॉइंटांवर सांगितलं, सोडा खुशाल, पण इथे लिहा. पहिले दोन दिवस सगळी कारणं "वृद्ध" आणि "पेशंट" निघाली. शहरात एवढे आजारी लोक बुलेट चालवत असतील असं मला वाटलं नव्हतं. मग एका जुन्या हवालदाराने, निवृत्तीला चार महिने उरले होते म्हणून असेल, सरळ लिहिलं: "मा. साहेबांचे मेहुणे." त्यानंतर वही खरं बोलायला लागली. "फोन." "फोन." "स्टाफ." "स्टाफचा भाऊ." "पत्रकार (ओळखपत्र नाही)." आणि एक झकास: "भांडखोर वाटला." लिहायचं आहे म्हटल्यावर सोडणं आपोआप कमी झालं, कारण "फोन" लिहून खाली स्वतःची सही करायला कुणालाच आवडत नाही. एका पानावर माझीही सही आहे. मुलीच्या शाळेतल्या सरांना सोडलं होतं. कारण लिहिलं "ओळख" आणि पुढे काही सुचलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात वही वरिष्ठांच्या टेबलावर गेली. त्यांनी शांतपणे पानं उलटली. रागावले नाहीत. म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण उद्या कुणी माहिती अधिकारात ही वही मागितली तर?" वही बंद झाली.

आता तुम्ही काय करू शकता. "त्याला सोडलं म्हणून मलाही सोडा" हे कोर्टात चालत नाही. एकाला चुकीचा फायदा मिळाला म्हणून दुसऱ्याला तोच मागता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने अनेकदा सांगितलं आहे. तेव्हा पाचशे भरून टाका. पण भरण्याआधी ई-चलनाच्या संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर तुमच्या चलनाचा फोटो मोठा करून बघा. रस्त्याच्या कडेला दोन गाड्या एकाच वेळी घेतल्या असतील तर बुलेट त्याच फ्रेममध्ये आलेली असू शकते. त्या फोटोवर वेळ आणि ठिकाण असतं. खात्याने स्वतःच काढलेला याच्याइतका चांगला पुरावा तुम्हाला दुसरा मिळणार नाही. स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

पुढच्या वेळी असं घडलं तर वाद घालू नका. तीन गोष्टी टिपा: वेळ, सुटलेल्या गाडीचा नंबर, आणि समोरच्या अंमलदाराच्या छातीवरचं नाव किंवा बक्कल नंबर (पोलिसाचा खात्यातला क्रमांक). रस्त्यावर उभं राहून व्हिडिओ काढणं हा गुन्हा नाही, पण अंगावर जाऊ नका, गाडीपुढे आडवे उभे राहू नका, हात धरू नका. सरकारी कामात अडथळा आणि लोकसेवकावर बळाचा वापर ही कलमं (आता भारतीय न्याय संहितेची २२१ आणि १३२) लावायला फार वेळ लागत नाही, आणि मग हेल्मेटचं राहतं बाजूला. सिग्नलच्या सीसीटीव्हीचं चित्रण हवं असेल तर अर्ज त्याच आठवड्यात करा, जुन्यावर नवं चढत जातं.

तक्रार वाहतूक शाखेच्या उपायुक्तांच्या नावाने लेखी द्या, जिल्ह्यात असाल तर पोलीस अधीक्षकांच्या, आणि पोच घ्या. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, पण ते गंभीर गैरवर्तनासाठी; हेल्मेटच्या पाचशे रुपयांसाठी तिकडे जाऊ नका. तुमच्या अर्जाचं काय होईल हे सांगतो. तो फिरत त्या विभागाच्या निरीक्षकाकडे येईल. तो हवालदाराला बोलावून जबाब घेईल. हवालदार म्हणेल, सदर बुलेटस्वारास समज देऊन सोडले. एक कसुरी लागेल किंवा तीही नाही, आणि तुम्हाला "योग्य ती समज देण्यात आली आहे" असं पत्र येईल. ज्याने फोन केला त्याचं नाव त्या कागदांवर कुठेही नसेल.

म्हणून अर्जाच्या शेवटी एक ओळ आवर्जून घाला: "सदर वेळी अंमलदारांशी भ्रमणध्वनीवर कोण बोलले, हे त्यांच्या जबाबात नमूद व्हावे, ही विनंती." चौकशी करणाऱ्याला मग तो प्रश्न विचारावा लागतो. हवालदाराला ते नाव घ्यावं लागतं, नाहीतर "आठवत नाही" असं लिहून खाली सही करावी लागते.